डबा, अपडेट ७: पाच आठवडे ओघळणारं चित्र आणि तीस सेंटिमीटरची वायर

मंडळी, सापडलं एकदाचं! लाईट जाऊन परत आली की पुढचे दोन-तीन दिवस सहा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग फाटतं आणि मग आपोआप सुधारतं, हा जो प्रकार मागच्या दोन अपडेटमध्ये लिहिला होता त्याचं मूळ काल रात्री पावणेबाराला हाताला लागलं, अक्षरशः हाताला, आणि तेव्हापासून कधी एकदा तुम्हाला सांगतोय असं झालंय.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. डबा म्हणजे रॅकच्या मापाच्या एकाच २यू पेटीत आठ पोर्टचा पीओई स्विच (पीओई म्हणजे नेटवर्कच्या वायरमधूनच कॅमेऱ्याला वीज; नुसता बोर्ड, त्याच्या मूळ पेटीतून काढलेला), सर्व्हर म्हणून इंटेल एन१०० चा छोटा बोर्ड, ४ टीबीची सर्व्हेलन्सवाली डिस्क आणि त्यावर फ्रिगेट हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. घर, गेट, विहीर आणि बेदाण्याची शेड मिळून आठ कॅमेरे, त्यातले सहा एकाच मॉडेलचे आणि दोन जुने, वेगळ्या कंपनीचे. स्विच आणि रेकॉर्डिंग सर्व्हर एकाच पेटीत ही कल्पना अमेरिकेतल्या रेझबेरी कंपनीच्या सर्व्हरस्विचवरून घेतली हे आधी सांगितलंच आहे. तयार पीओई एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) का नाही घेतला असं अजून लोक विचारतात, तर त्यातले बरेचसे कॅमेऱ्यांना आपल्याच आतल्या नेटवर्कमध्ये कोंडून ठेवतात, पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) बघायचं म्हटलं तर बघता येत नाही, आणि कालचा दोष तसल्या बंद पेटीत मला कधीच सापडला नसता.

आधी पंख्याची चांगली बातमी, कारण ती पुढच्या भानगडीशी जोडलेली आहे. एप्रिलमध्ये दुपारी आमच्याकडे तासगाव भागात चाळिशी पार होते, डिस्क ५४ अंशांवर जात होती. १२० मिमीचा पंखा कमी वेगावर लावला, पुढे शेडनेटचा दुहेरी तुकडा धूळ अडवायला, आणि डिस्क ४५ वर आली. पाच आठवड्यांत ४६ च्या वर एकदाही गेली नाही. शेडनेट दर रविवारी नळाखाली धरायचं, झालं. विकतच्या फिल्टरपेक्षा हे मला कितीतरी चांगलं वाटतं, हवा अडत नाही.

तर पंखा बसवला त्याच आठवड्यात आप्पा मोबाईल घेऊन आले. "हे बघ, विहिरीवरच्या कॅमेऱ्यात निम्मं चित्र खाली ओघळलंय." खरंच ओघळलं होतं. वरचा अर्धा भाग स्वच्छ, मोटरच्या पेटीपासून खाली सगळं राखाडी-हिरवं फरफटत गेलेलं, दोन सेकंदांनी पुन्हा नीट, पुन्हा ओघळ. सीझन चालू, शेडमध्ये जाळ्यांवर माल वाळत पडलेला, अशा वेळी रात्रीचं रेकॉर्डिंग असं असेल तर काय उपयोग. नंबर प्लेट बघायची वेळ आली तर नेमका तोच भाग ओघळलेला असायचा.

मी काय काय केलं ते थोडक्यात, कारण बरंचसं तुम्हीच सुचवलं होतंत. आधी पॉवर. रात्री आयआर (कॅमेऱ्यांचे अंधारातले दिवे) लागल्यावर प्रत्येक पोर्ट मोजला, साडेसात ते आठ वॅट, आठ मिळून ६४ च्या आत, स्विचचं बजेट १२० वॅट, म्हणजे तिथे काही नाही. मग लांबच्या केबल तपासल्या, सगळं तांबं आहे, सीसीए मी घरात येऊच देत नाही (ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, रोध जास्त, लांब पल्ल्यावर व्होल्टेज पडतं, स्वस्त पडतं म्हणून घेणाऱ्यांनी एकदा मोजून बघा). मग फर्मवेअर, सहाही कॅमेऱ्यांचं. मग कॅमेऱ्यांचा व्हिडिओ (आरटीएसपी) यूडीपीवरून टीसीपीवर नेला (यूडीपी हरवलेलं पॅकेट सोडून देतं, टीसीपी परत मागतं), तेव्हा ओघळणं थांबलं आणि मला वाटलं जिंकलो, पण लाइव्ह चित्र चार-पाच सेकंद मागे पडायला लागलं आणि मधेच रेकॉर्डिंगचे तुकडे गाळले जायला लागले. म्हणजे पॅकेट हरवतच होती, टीसीपी ती परत परत मागत बसला होता. दोष झाकला गेला, गेला नाही. म्हणून मी मुद्दाम परत यूडीपीवर आलो.

खरा छळ हा की प्रत्येक उपाय लागू पडतोय असं वाटायचं. फर्मवेअर टाकलं, दोन दिवसांनी चित्र स्वच्छ. केबल बदलली, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. मग लाईट जायची, यायची, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोन्ही जुने कॅमेरे मात्र पूर्ण वेळ ठणठणीत, त्यामुळे माझा सगळा राग त्या सहांच्या मॉडेलवर. विकणाऱ्याला तीन फोन केले, त्याचं एकच उत्तर, "सर, नेटवर्क तपासा." त्या वेळी चीड आली होती, पण त्याचं बरोबर होतं.

नेटवर्क तपासलं नव्हतं असंही नाही. ग्राफ बघत होतो की. आठ कॅमेरे गुणिले चार एमबीपीएस, म्हणजे ३२, ग्राफवर ३३-३५ ची सरळ रेघ. सर्व्हरच्या पोर्टवर एकही एरर नाही. ३५ साठी काय बघायचं, असं म्हणून मी पाच आठवडे ती रेघ बघून पुढे जात होतो.

काल कोल्हापूरच्या मित्राशी बोलताना तो सहज म्हणाला, लाईट आल्यावर सगळे कॅमेरे एकाच क्षणी चालू होत असतील ना रे तुझे? आणि डोक्यात लख्ख झालं. डब्यात स्विच आत आहे, लाईट आली की आठही पोर्टना एकाच वेळी पॉवर, सहा कॅमेरे एकाच मॉडेलचे, एकच फर्मवेअर, जवळपास तेवढ्याच सेकंदांत उठणार. जीओपी (एका पूर्ण चित्रापासून पुढच्या पूर्ण चित्रापर्यंतचं अंतर) सगळ्यांचा ५० फ्रेमचा, सेकंदाला २५ फ्रेमनं म्हणजे दर दोन सेकंदांनी एक आय-फ्रेम. आय-फ्रेम म्हणजे ते पूर्ण चित्र, आकारानं मोठं; मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात. सहाही आय-फ्रेम एकदम! जुने दोन वेगळ्या वेळेला उठतात, त्यांची आय-फ्रेम गर्दीत सापडत नाही, म्हणून ते स्वच्छ. आणि दोन-तीन दिवसांत आपोआप सुधारायचं कारण क्रिस्टल, म्हणजे कॅमेऱ्याला आतून ताल देणारा स्फटिक. प्रत्येक कॅमेऱ्याचा क्रिस्टल थोडा वेगळा, १० पीपीएमचा (दहा लाखांत दहा) फरक धरला तरी दिवसाला ०.८६ सेकंद सरकतं, म्हणजे दोन दिवसांत आय-फ्रेम एकमेकींपासून लांब जातात. एनटीपी लावलेलं आहे पण ते घड्याळ जुळवतं, चित्र दाबून लहान करणारा एन्कोडर आपल्या क्रिस्टलच्या तालावर चालतो.

पण गर्दी झाली म्हणून काय, सर्व्हरकडे जाणारा पोर्ट गिगाबिट आहे. सहाच काय, आठ कॅमेऱ्यांनी शंभर-शंभरच्या वेगानं ओतलं तरी ८००. मावायला पाहिजे.

मग लाईटचा मेन स्विच पाडला, परत चालू केला, कॅमेरे उठले, दहा मिनिटं पॅकेट कॅप्चर केली आणि ती दाखवणाऱ्या वायरशार्क प्रोग्राममध्ये आयओ ग्राफ उघडला. एका सेकंदाच्या मापाला तीच ३५ ची रेघ. माप १० मिलिसेकंदांवर आणलं आणि रेघेच्या जागी दर दोन सेकंदांनी सुळके उभे राहिले. सगळ्या सुळक्यांचं डोकं सपाट. एकाच उंचीवर, चाकूनं कापल्यासारखं, आणि ती उंची बरोबर १०० एमबीपीएस.

सर्व्हरवर इथटूल (लिंकचा वेग दाखवणारी कमांड) मारलं. वेग १०० एमबी, फुल डुप्लेक्स. फेब्रुवारीत मी स्वतः तिथे १००० बघितलं होतं!

झाकण उघडलं. स्विचचा बोर्ड ते सर्व्हरचा बोर्ड एक तीस सेंटिमीटरची वायर आहे, मीच क्रिम्प केलेली, म्हणजे टोकांना प्लग दाबून बसवलेली. पंखा बसवताना ती पात्यांत जाऊ नये म्हणून बाजूला ओढून केबल टायनं आवळली होती, प्लगच्या अगदी मानेपाशी. बोटानं प्लग धरून हलवला तर तपकिरी जोडीतली एक तार आत ढिली. पिन वर चढलेली दिसत होती, पण तिचे खालचे दात तारेच्या प्लॅस्टिकमध्ये अर्धवट घुसलेले, तांब्यापर्यंत नीट पोचलेले नाहीत, आजवर कशीबशी टेकून होती ती आवळल्यावर सुटली. १०० ला नारंगी आणि हिरव्या अशा दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. तपकिरी गेली तसा चिपनं गुपचूप वेग उतरवला आणि लिंक चालू ठेवली. दिवा हिरवाच.

आता हिशेब बघा. एक आय-फ्रेम माझ्याकडे साधारण ३०० केबी, म्हणजे २.४ मेगाबिट, शंभरच्या पोर्टमधून यायला २४ मिलिसेकंद. सहा कॅमेरे मिळून तेवढ्या वेळात १४.४ मेगाबिट ओततात, बाहेर जातात २.४. उरले १२, आणि स्विचच्या चिपचा बफर (तात्पुरती साठवण) दीड मेगाबिट. बाकीचं सरळ टाकून दिलं जातं, स्विचच्या आतच, म्हणून सर्व्हरच्या पोर्टवर एरर शून्य. सहाऐवजी तीनच जुळल्या तरी बफर पुरत नाही. फ्लो कंट्रोल चालू असतं तर स्विचनं कॅमेऱ्यांना थांबवलं असतं, पण ते मीच अपडेट ३ मध्ये बंद केलं होतं, एका हळू पोर्टमुळे बाकीचे अडकू नयेत म्हणून, आणि तो निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो.

कपाटात एक फॅक्टरी मेड पॅच कॉर्ड होती, ती लावली, वळण मोठं ठेवलं, टाय सैल. १००० आलं. मग मेन तीनदा पाडून चालू केला, तिन्ही वेळा तासभर आरटीपीचे, म्हणजे व्हिडिओच्या पॅकेटांवरचे, सीक्वेन्स नंबर तपासले, एकही तुटला नाही. सुळके आता ३८० पर्यंत जातात आणि त्यांना टोक आहे. विहिरीवरच्या कॅमेऱ्यात मोटरच्या पेटीचं कुलूप दिसतं, कुलपाची कडी दिसते. आप्पांना सकाळी दाखवलं, बराच वेळ बघत बसले, म्हणाले, "आता कसं तोंड धुतल्यागत दिसतंय."

प्लगबद्दल एक सांगतो. हे प्लग ऑनलाइन शंभरच्या पाकिटात स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले, त्यांच्या पिना पातळ आहेत. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या जुन्या पाकिटातले शेजारी ठेवून बघितले तर फरक डोळ्यांना दिसतो. डब्याच्या आत तर यापुढे मी क्रिम्प करणारच नाही, तयार कॉर्डच. आणि आठ दिव्यांच्या केबल टेस्टरवर भरवसा ठेवू नका, टेकलेल्या तारेलाही तो दिवा देतो. आता दर पाच मिनिटांनी लिंकचा वेग तपासून हजाराच्या खाली आला तर मोबाईलवर मेसेज टाकणारी स्क्रिप्ट लावली आहे, सहा ओळींची, हवी असेल त्यांनी सांगा.

पुढचं. पुढच्या सीझनला शेडच्या पलीकडच्या टोकाला चार कॅमेरे वाढवायचेत, अंतर १४० मीटर, म्हणजे तांब्याच्या शंभर मीटरच्या बाहेर, फायबरच ओढावी लागणार. माझ्याकडे पडून असलेले मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे) १०० एमबीवाले आहेत, म्हणजे तिथे हीच गोष्ट पुन्हा, चार कॅमेरे आणि शंभरचं तोंड, तेव्हा गिगाबिटची नवी जोडी घ्यायची असं ठरवलं होतं.

थांबा. हे लिहितानाच डोक्यात आलं की आय-फ्रेम एकत्र येणं हाच त्रास असेल तर त्या मुद्दाम लांब लांब का ठेवू नयेत? ऑनव्हिफमध्ये (वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची सामायिक भाषा) सेटसिंक्रोनायझेशनपॉइंट नावाची कमांड आहे, ती दिली की कॅमेरा लगेच आय-फ्रेम पाठवतो. आठ कॅमेऱ्यांना २५० मिलिसेकंदांच्या अंतरानं एकेक कमांड दिली की दोन सेकंदांत आठही समान वाटले जातील. करून बघतो आणि मगच पुढचं लिहितो.

करून बघितलं, जेवण राहिलंय अजून. सहाही कॅमेरे ऐकतात! कमांड दिली की आय-फ्रेम येते आणि पुढची मोजणी तिथूनच सुरू होते. जुने दोन मात्र आय-फ्रेम जास्तीची देतात आणि आपल्या जुन्याच तालावर जातात, पण दोघंच आहेत, चालेल. १० मिलिसेकंदांच्या ग्राफवर सुळके आता एका रांगेत, दातेरी कंगव्यासारखे, आणि सगळ्यात उंच ११० च्या आसपास. क्रिस्टल सरकतात म्हणून क्रॉनमधून दर तासाला ही कमांड जाईल. म्हणजे नवीन कन्व्हर्टरचा खर्च तूर्त थांबवतो, जुन्या शंभरवाल्या जोडीवर चार कॅमेरे आधी घरातच टेबलावर चालवून बघणार, फायबरचं पुढे ठरवू.

बॅटरीचंही बदललं. ४८ व्होल्टची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी थेट स्विचला जोडायची होती ती आता या त्रासासाठी लागणार नाही, पण लाईट नसताना शेड दिसायलाच हवी म्हणून करणारच. फक्त मागच्या वेळी कुणीतरी १६ सेल सुचवले होते ते नको. पूर्ण चार्जला ३.६५ गुणिले १६ म्हणजे ५८.४, आणि पीओईची वरची मर्यादा ५७. १५ सेल घेतले तर ५४.७५, खाली ४५ ला तोडलं तरी पीओईच्या खालच्या मर्यादेच्या, ४४ च्या, वरच. कुणी १५ सेलचा बीएमएस (बॅटरीचे सेल सांभाळणारं सर्किट) वापरला असेल तर कुठला आणि किती टिकला ते लिहा, मला पावसाच्या आत हे बसवायचंय.