आमची वाटचाल: उद्यमनगर ते कॉव्हेंट्री

आमचं वर्कशॉप इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आहे. लहानच आहे, दोन लिफ्ट, एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि मागे पत्र्याच्या कामाची जागा. जुन्या ब्रिटिश आलिशान गाड्या आम्ही रिस्टोअर करतो, त्यातही जास्त करून १९६० च्या दशकातल्या जग्वार आणि डेमलर. मी मूळचा कोल्हापूरचा, बाबा शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते, माझा लेथवर हात तिथेच बसला. इकडे एका मशीन शॉपमध्ये नोकरीला आलो, पुढे ते बंद पडलं, मग एक सेकंडहँड मशीन घेतलं आणि इथल्या रिस्टोरेशनवाल्यांना बुश, पिन, स्पेसर असले बाजारात न मिळणारे पार्ट करून द्यायला लागलो. तेव्हा पूर्ण गाडी हातात घ्यायचा विचार पण नव्हता.

पहिली पूर्ण गाडी आली ती डेमलर अडीच लिटर व्ही ८, १९६५ ची, नंबराच्या शेवटी सी, म्हणजे त्या वर्षाचं अक्षर. ही गाडी आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही म्हणून थोडं सांगतो. १९६० मध्ये जग्वारने डेमलर कंपनी बीएसए या मोटरसायकलवाल्या कंपनीकडून विकत घेतली आणि १९६२ मध्ये जग्वार मार्क टूच्या बॉडीत डेमलरचं २,५४८ सीसीचं व्ही ८ इंजिन बसवून ही गाडी काढली. इंजिन एडवर्ड टर्नरचं, म्हणजे ज्याने ट्रायम्फ स्पीड ट्विन मोटरसायकल डिझाइन केली तोच माणूस. बाहेरून बघितलं तर मार्क टूच वाटते, फक्त ग्रिलला वरच्या बाजूला डेमलरच्या पन्हळी आहेत. पण चालवून बघा, हे इंजिन जग्वारच्या सहा सिलिंडरवाल्यापेक्षा बरंच हलकं आहे त्यामुळे पुढचा भाग जड वाटत नाही, आणि आवाज तर इतका मऊ की सिग्नलला थांबल्यावर गाडी चालू आहे की बंद ते काट्याकडे बघून कळतं. १९६९ पर्यंत साडेसतरा हजारांच्या वर बनल्या. माझ्या मते त्या काळातली ही सगळ्यात समंजस गाडी आहे आणि मार्क टूच्या सावलीत तिच्यावर अन्याय झालाय.

गाडी घेऊन आल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. गाडी त्यांच्या वडिलांची, बरीच वर्षं गॅरेजात उभी. सोबत एक बिस्किटाचा डबा होता, त्यात सगळे कागद, जुनं हिरवं लॉगबुक, एमओटीची, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या गाडी तपासणीची सर्टिफिकेटं, टायरची, बॅटरीची बिलं, आणि गाडी उघडायच्या आधी बायकोने तो डबा उघडला. ती अकाउंट बघायची तोपर्यंत, पण हे काम तिला इतकं आवडलं की तिने रात्री बसून सगळं तारखेप्रमाणे लावलं. इकडे १९७४ च्या आधी रजिस्ट्रेशन काउंटी कौन्सिल करायच्या, मालक बदलला की लॉगबुकात नवं नाव, पत्ता आणि शिक्का, त्यामुळे एका पुस्तकात गाडीचा सगळा प्रवास दिसतो. नंतर कारभार स्वान्सीच्या डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे गेला आणि कौन्सिलची बरीच जुनी रजिस्टरं नष्ट झाली, म्हणून असं लॉगबुक हाती लागणं म्हणजे मोठी गोष्ट. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून सर्टिफिकेट मागवलं, त्यात चेसिस, इंजिन आणि बॉडी नंबर, कारखान्यातला रंग आणि कुठल्या डीलरकडे पाठवली ते येतं. तिन्ही नंबर जुळले. रंग मात्र ओपलेसंट मरून, म्हणजे चमक असलेला गडद तांबडा, आणि समोर उभी होती ती पांढरी.

उलगडा बिलांतून झाला. पहिला मालक लेमिंग्टन स्पाचा, दुसरा वेल्समधला, मग १९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा अशा गाड्यांना कुणी विचारेना, कितीतरी मोठ्या गाड्या बँगर रेसिंगमध्ये, म्हणजे जुन्या गाड्या एकमेकांवर आदळायच्या शर्यतीत, ठोकून संपवल्या लोकांनी, ही मात्र कुठेतरी झाकून उभी राहिली असणार, कारण त्या काळातली एमओटीच नाहीत. पुढे बाईंच्या वडिलांनी घेतली, पांढरी करून घेतली आणि शनिवारी लग्नाला भाड्याने द्यायला लागले. मागच्या सीटवाल्यांसाठी पिकनिक टेबलं हवीत म्हणून भंगारवाल्याकडून मार्क टूच्या पुढच्या सीट, ज्यांच्या पाठीला ती टेबलं असतात, आणून बसवल्या, त्याची पण पावती डब्यात होती.

कामात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला इंजिनच्या हेडने, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाने. ब्लॉक कास्ट आयर्नचा, हेड अॅल्युमिनियमचं आणि हेड धरून ठेवणारे स्टड स्टीलचे, कूलंट वेळच्या वेळी बदललं नाही की स्टडभोवती असा गंज धरतो की हेड हलतच नाही. हातोडा घातला तर अॅल्युमिनियम तडकणार. मी पातळ भिंतीचा पोकळ कटर लेथवर बनवला, तो स्टडवर घालून भोवतीचा गंज हळूहळू कापत गेलो, मध्ये पेनिट्रेटिंग ऑइल, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी परत. दोन्ही हेड न तुटता निघाली. त्याच कटरमुळे पुढे आम्हाला बाहेरची हेडची कामं यायला लागली आणि धंदा खरा त्यावर उभा राहिला. पत्र्यात सिल, म्हणजे दारांखालची पट्टी, जॅकिंग पॉइंट, मागच्या स्प्रिंगची माउंटिंग, नेहमीच्या सगळ्या जागा सडलेल्या. चेसिस नंबर असला तरी या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते, सिल कापली तर बॉडी वाकते, म्हणून दारांच्या चौकटीत आधी आडवे पाइप वेल्ड करायचे, गॅप मोजून लिहून ठेवायच्या आणि मगच ग्राइंडर लावायचा.

रंगावरून बरीच चर्चा झाली. ओळखीचे सगळे म्हणाले मूळ मरून करा, किंमत जास्त येईल, आणि ते खरंच आहे. बाई म्हणाल्या, आमचं घर या पांढऱ्या गाडीवर चाललं. मी कागद परत बघितले, गाडी मरून होती त्यापेक्षा जास्त वर्षं पांढरी होती. पांढरीच केली, सीट पण त्याच ठेवल्या, फक्त डिकीत स्पेअर व्हीलखाली हाताएवढी जागा न घासता सोडली, तिथे खाली मरून आणि वर जुना पांढरा असे थर दिसतात. तेव्हापासून प्रत्येक गाडीत आम्ही अशी जागा सोडतो आणि प्रत्येक गाडीची फाइल करून देतो, काय मूळ, काय कुणी कधी बदललं, काय आम्ही नवीन घातलं.

पैशाचं स्पष्ट सांगतो, पूर्ण रिस्टोरेशनचा खर्च या गाड्यांच्या बाजारभावात बसत नाही, हे आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो. बरेच जण परत जातात, राहतात ते मनापासून राहतात. वर्कशॉपचं भाडं निघतं ते छोट्या कामांवर, हेड, कार्ब्युरेटर, ब्रेक, आणि २०२१ मध्ये इथल्या पंपांवर ई१०, म्हणजे जुन्या रबराला न मानवणारं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं तेव्हापासून जुने रबरी फ्युएल पाइप बदलायचं काम तर सतत असतं. २००८ मध्ये टाटांनी जग्वार घेतली, त्यासोबत डेमलरचं नावही आलं, तेव्हा बाबांनी कोल्हापूरहून फोन करून अर्धा तास आनंद केला होता.

आता आम्ही चौघं आहोत, त्यातली एक मुलगी इथल्याच कॉलेजातून वेल्डिंग शिकून आली आणि सिलचं काम माझ्यापेक्षा स्वच्छ करते. बायकोकडे फाइलींचं कपाट भरत आलंय. इंग्लंडमधल्या कुणा मराठी माणसाच्या घरी, शेजारी, ओळखीत अशी जुनी गाडी असेल तर गाडी विकायची ती विका, पण लॉगबुक, एमओटी, बिलं गाडीसोबतच द्या, वेगळी टाकू नका. वाचता येत नसतील तर आमच्याकडे घेऊन या, लावून देतो, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.