घरकामाचं इंग्रजी: धुणं झालं, आता कूलर

धुण्याभांड्यांचे शब्द आता पक्के बसलेत. सुटे शब्द पाठ करणं मी सोडून दिलंय. काम ज्या क्रमानं होतं, त्याच क्रमानं क्रियापदं घेते. कपड्यांचं बघा: सोक, स्क्रब, रिन्स, रिंग आउट, हँग आउट, ब्रिंग इन, फोल्ड, आयर्न, पुट अवे. टॉवेल पिळतानाच मोठ्यानं म्हणायचं, 'आय ॲम रिंगिंग आउट द टॉवेल.' हात चालू असताना म्हटलेलं वाक्य चांगलं टिकतं. फक्त लिहिताना ध्यानात ठेवा, या 'रिंग'च्या सुरुवातीला मुका डब्ल्यू आहे.

डू आणि मेकच्या मागे नियम शोधत बसू नका. डू द डिशेस, डू द लाँड्री, पण मेक द बेड. जोडीच पाठ करा. कचऱ्याला अमेरिकेत ट्रॅश, ब्रिटनमध्ये रबिश. शाळेपासून ब्रिटिश स्पेलिंग लिहीत आलो, म्हणून मी रबिश घेतला.

उजळणीला लाइटनरची पेट्यांची पद्धत. कार्डावर पुढे 'ओटा पुसणे', मागे 'वाइप डाउन द काउंटर'. बरोबर आलं की कार्ड पुढच्या पेटीत, चुकलं की थेट पहिलीत. पहिली पेटी रोज, दुसरी दिवसाआड, तिसरी आठवड्यानं. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सर्वात वेगानं होतं. म्हणून नवं कार्ड त्याच संध्याकाळी एकदा बघतेच.

सध्या कूलर चाललाय. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे शब्द रोज तोंडात येणारच: ड्रेन द टँक, स्क्रब ऑफ द स्केल (स्केल म्हणजे पाण्याच्या क्षारांचा थर), चेंज द पॅड्स, फिल अप द टँक, टर्न ऑन द पंप. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, त्यामुळे 'एम्प्टी द टँक वन्स अ वीक' हे वाक्य नुसतं पाठ करू नका, दर आठवड्याला टाकी खरंच रिकामी करा.

यानंतर कुरड्या. गहू भिजवण्यापासून सोऱ्यापर्यंत इतकी क्रियापदं दुसऱ्या कुठल्याच कामात मिळाली नाहीत: सोक, ग्राइंड, स्ट्रेन, लेट इट सेटल, पोअर ऑफ द वॉटर. चीक शिजवताना हात थांबत नाही, तिथं 'कीप स्टरिंग'. मग प्रेस आणि ड्राय इन द सन. कोणी पापड-सरगुंड्यांची अशी यादी केली असेल तर पाठवा, माझ्या कार्डांत घालते.