माशी शिंकली

गेल्या महिन्यापर्यंत आमच्या हॉलच्या भिंतीवर, स्विचबोर्डाच्या शेजारी, एक काळी टिकली चिकटवलेली होती. घरी पहिल्यांदा आलेल्या बायका आधी तिच्याकडे आणि मग माझ्या कपाळाकडे बघायच्या. मी काही सांगायची नाही. एअर पिस्तूल, टार्गेट वगैरे सांगत बसायचं तर चहा निवतो.

टिकली 18 मिलिमीटरची होती. 10 मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवरचा काळा गोल 59.5 मिलिमीटरचा असतो. आमच्या हॉलमध्ये सोफा खिडकीला टेकवला तरी तीन मीटरच्या वर जागा मिळत नाही. शाळेतलं त्रैराशिक मांडलं, 18 आले. मग तुळशीबागेत पट्टी घेऊन टिकल्या मोजत उभी राहिले. दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, कपाळाचं माप आणलंय का?"

पिस्तूल मुळात लेकीचं. आठवीत तिला नेमबाजीचं वेड लागलं, दहावीत ते उतरलं. मधली दोन वर्षं तिची ने-आण करताना रेंजवरच्या बाकावर बसून बसून मला लागलं. शिवाय एवढे पैसे घालून घेतलेली वस्तू माळ्यावर टाकवेना. आता रविवारी रेंजवर जाते आणि आठवड्याचे बाकीचे दिवस घरी 'ड्राय' मारते. ड्राय फायरिंग म्हणजे पेलेट (बारीक गोळी) नाही, हवा नाही. पिस्तुलावरची एक बारीक खिट्टी फिरवायची, की चाप सुटल्याचा नुसता 'टक्' ऐकू येतो. बाकी सगळं खरं.

पेलेटचा डबा बेडरूमच्या कपाटात राहतो, तो त्या वेळी हॉलमध्ये आणायचा नाही. नळी रिकामी आहे हे दोनदा बघायचं. आणि पडदा ओढायचा. हा तिसरा नियम समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी मला शिकवला. त्यांनी एकदा खिडकीतून मला पाहिलं आणि पाचव्या मिनिटाला वॉचमन दारात.

मग उभं राहायचं. पिस्तूल एका हातानेच धरायचं असतं, दुसरा हात खिशात. नेमबाजांच्या फोटोत जो बेफिकीरपणा दिसतो तो या खिशातल्या हाताचा. प्रत्यक्षात तो हात मोकळा लोंबकळला तर खांदे हलतात, म्हणून त्याला कुठेतरी बांधून ठेवायचं. आता गाउनला खिसा कुठला? मी ओढणी कमरेला गुंडाळते आणि तीत अंगठा अडकवते. किलोभराचं पिस्तूल लांब केलेल्या हाताच्या टोकाला पहिल्या दहा सेकंदांत काहीच वाटत नाही. विसाव्या सेकंदाला ते भरलेल्या कळशीएवढं होतं. लेक अभ्यासाच्या टेबलावरून मान वर न करता सांगते, "आई, खांदा वर चाललाय."

नळीच्या टोकावर जो बारीक खुंट असतो त्याला इंग्रजीत फ्रंट साइट म्हणतात, जुनी माणसं माशी म्हणत. मला माशीच आवडतं. ती मागच्या खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड सोडून बसवायची. नजर माशीवर. टिकली अंधुक दिसली पाहिजे, आणि माशी टिकलीवर नाही, तिच्या खालच्या पांढऱ्या जागेत धरायची. हे सांगायला सोपं आहे. डोळ्याला टिकली बघायची असते. त्याला वाटतं, मारायचंय तिथेच बघू. पण मागची खाच आणि माशी यांत अंतर जेमतेम दीड वीत, आणि टार्गेट दहा मीटरवर, म्हणजे त्याच्या तीसपट. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली की पेलेट तीन सेंटिमीटर सरकतं. दहा गुणांचे सात होतात.

आणि मग चाप. तो ओढायला निदान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे असा नियम आहे. स्पर्धेआधी चापाला वजन टांगून बघतात. अर्धा किलो साखरेची पुडी एका बोटाच्या पेरावर, आणि तीही मनगटाला कळू न देता उचलायची. थोडा चाप मोकळा येतो, मग अडतो, मग टक्.

त्या 'टक्'च्या क्षणी माझी माशी शिंकते. दुसरा शब्दच नाही. इतका वेळ ती शहाण्यासारखी बसलेली असते, आणि नेमकं त्या वेळी टुणकन खाली. रेंजवर हे मला वर्षभर कळलंच नव्हतं. तिथे फट्‌ होतं, पिस्तुलाला किंचित धक्का बसतो आणि मान आपोआप गुण दाखवणाऱ्या स्क्रीनकडे वळते. आठ आले की मी कधी पेलेटला, कधी शेजारच्या लेनवरच्या पंख्याला दोष द्यायची. हॉलमध्ये पेलेट नाही, पंखा मीच बंद केलेला.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली मनू भाकरला ब्राँझ मिळालं ते 221.7 गुणांवर, तिच्यापुढची 221.8 वर होती. 0.1 म्हणजे कागदावर 0.8 मिलिमीटर. ती बातमी वाचल्या दिवशी मी एक तास ड्राय मारलं आणि माशी एक तास शिंकली.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "टिकलीकडे पाठ करा. कोऱ्या भिंतीवर मारा." तसं केलं. टक्. माशी जागच्या जागी. पुन्हा टक्, पुन्हा तेच. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी हलली नाही. वीस वेळा मारून टिकलीकडे वळले, आणि पहिल्याच टक्‌ला शिंक! मनगट तेच, बोट तेच, साखरेची पुडी तीच. फरक एवढाच, की समोर टिकली असली की माशी बरोब्बर तिच्याखाली येताक्षणी आतून कोणीतरी ओरडतं, "आत्ता!" आणि त्या हाकेला बोटाआधी मनगट धावतं. सगळ्यांना सगळं आत्ता हवं असणाऱ्या घरात राहून ही सवय कुठून लागली ते शोधायला फार लांब जायला नको.

गेल्या महिन्यात हळदीकुंकू होतं. सासूबाईंनी हॉल आवरताना ती टिकली नखाने काढली आणि मला म्हणाल्या, "भिंतीला कशाला, तू लाव की." मी लावली. भिंतीवर आता डिंकाचा एक पुसट, पिवळट गोल राहिलाय. दिवा लावला तर दिसतो, नाहीतर नाही. संध्याकाळी दिवा न लावता त्याच्याकडे तोंड करून उभी राहते. माशी अजून पूर्ण गप्प नाही. पण शिंकत नाही, नुसतं नाक चोळते.