वॉशिंग मशीनचा बोर्ड बदलण्याआधी

ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन बंद पडलं की बहुतेक वेळा एकच निकाल ऐकू येतो, ‘पीसीबी गेलाय, बदलावा लागेल.’ पीसीबी म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. नवा बोर्ड काही हजारांचा, आणि जुन्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. त्याहून मोठी अडचण अशी की बोर्ड ज्या कारणाने जळला ते कारण मशीनमध्ये किंवा घराच्या वायरिंगमध्ये तसंच राहिलं, तर नवा बोर्डही त्याच वाटेने जातो. म्हणून आधी बोर्डाच्या आजूबाजूचं सगळं तपासायचं, मग बोर्ड बाहेर काढायचा. दुरुस्ती झाली तरी ‘हा कशाने जळला’ याचं उत्तर मिळेपर्यंत मशीन पुन्हा जोडायचं नाही. पुढचं सगळं टॉप लोड मशीन डोळ्यापुढे ठेवून लिहिलंय. फ्रंट लोडलाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

सुरुवातीला जिवाची काळजी. या बोर्डांवरचा ५ व्होल्टचा सप्लाय बऱ्याचदा मेन्सपासून वेगळा केलेला नसतो, तो फेज किंवा न्यूट्रलशी थेट जोडलेला असतो. म्हणजे मीटरवर ५ व्होल्ट दिसले तरी त्याच ठिकाणी बोट लावलं तर २३० चा झटका बसू शकतो. आपल्याकडच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणंही नवीन नाही. मोजायचं असेल तर मीटरची काळी पिन आधी क्लिपने अडकवा, मग सप्लाय द्या, आणि एकाच हाताने काम करा. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसी शिल्लक असू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने त्याच्या दोन टोकांवर धरा आणि मीटरवर शून्याजवळ आल्याची खात्री करा. इन्व्हर्टर मशीनचा (ज्यात मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक्सने बदलतो) कपॅसिटर मोठा असतो, तिथे अर्धा मिनिट तरी धरावा लागतो. पेचकसाने ठिणगी पाडून डिस्चार्ज करू नका; कपॅसिटर आणि ट्रॅक दोन्ही दुखावतात.

आता सॉकेटपासून सुरू करू. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशी तीन मापं घ्या. पहिली दोन जवळजवळ सारखी हवीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ते दहा-पंधराच्या वर असेल, किंवा मोटर सुरू झाली की उडी मारत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे किंवा अर्थिंग खराब आहे. सोलापूरच्या पूर्व भागात ‘खाली यंत्रमागाचा कारखाना, वर घर’ अशी कितीतरी घरं आहेत. तिथे थ्री फेज लाइन येते आणि घराला त्यातला एक फेज दिलेला असतो. मीटरपाशी किंवा खांबावर न्यूट्रल सुटला, की वेगवेगळ्या फेजवरच्या लोडमध्ये व्होल्टेजची वाटणी बिघडते, आणि ज्या फेजवर लोड कमी त्यावर ते ३०० च्या पुढे, वाईट स्थितीत ४०० च्या जवळ जातं. एकाच संध्याकाळी टीव्ही, फ्रिज आणि मशीन तिन्ही गेले असतील तर कारण मशीनमध्ये शोधू नका. आधी न्यूट्रलचा स्क्रू आणि लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बघून घ्या. खांबापासून मीटरपर्यंतची बाजू महावितरणची, तिथे तक्रार द्यायची. स्वतः हात घालायचा नाही.

यानंतर पाण्याची बाजू, कारण आपल्या शहरात ‘बोर्डचा एरर’ म्हणून जे सांगितलं जातं त्यात पाण्याचाच एरर पुष्कळदा निघतो. नळाला रोज पाणी येत नाही, मशीन टाकीवर चालतं. बहुतेक मशीनना साधारण ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या व्हॉल्व्हपासून निदान ३ मीटर उंच हवी. टाकी तळाला गेली की पाणी हळू येतं, ठरलेल्या वेळेत पातळी गाठली जात नाही आणि मशीन थांबतं. बोअरचं जड पाणी असेल तर इनलेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी क्षाराने आणि गाळाने बुजते. ती पक्कडीने सरळ ओढून काढा, अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पाण्याची पातळी ओळखणाऱ्या प्रेशर सेन्सरची बारीक नळीही बघा. तिला चीर पडली किंवा साबणाचा थर बसला, तर मशीन पाणी भरतच राहतं किंवा रिकाम्या टबाला भरलेला समजतं.

पाणी थांबतच नसेल, तर एका साध्या चाचणीत निकाल लागतो. पाणी येत असताना प्लग काढा. तरीही पाणी येत राहिलं तर व्हॉल्व्ह क्षाराने अडकलाय आणि बोर्ड निर्दोष आहे. प्लग काढताच थांबलं, आणि प्लग लावल्याबरोबर बटण न दाबताही पुन्हा आलं, तर व्हॉल्व्ह चालवणारा ट्रायॅक (बोर्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. तो बोर्डावर बदलता येतो.

बोर्ड काढण्याआधी त्याला जोडलेले सगळे लोड (व्हॉल्व्ह, पंप, मोटर) कनेक्टरवरूनच मोजायचे. मशीनचा प्लग काढलेला, मीटर ओहमवर. २३० व्होल्टच्या इनलेट व्हॉल्व्हची कॉइल साधारण साडेतीन ते पाच किलोओहम दाखवते. काहीशे ओहम दाखवली तर आत पाणी शिरलंय, आणि तिनेच ट्रायॅक खाल्लाय असं धरून चाला. ड्रेन पंप असेल तर शंभर ते दोनशे ओहमच्या आसपास. साध्या इंडक्शन मोटरमध्ये कॉमन वायरपासून दोन्ही वाइंडिंग सारखी हवीत, कारण ती आलटून-पालटून उलट-सुलट फिरते. एक ३५ आणि दुसरी २० ओहम आली तर मोटर संपली. इन्व्हर्टर मोटरच्या तीन वायरींतल्या तिन्ही जोड्या एकसारख्या, काही ओहमच्या, असाव्यात. प्रत्येक लोडचं टोक आणि मशीनची बॉडी यांच्यात मीटरने काहीही दाखवता कामा नये. या टप्प्यावर उंदरांनी कुरतडलेली हार्नेस (वायरींची जुडी), हिरवट पडलेल्या कनेक्टरच्या पिना आणि बॉडीला घासून सोललेली वायर डोळ्यांनाही दिसते. निम्मं काम इथेच संपतं, आणि मला हाच टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घाईत वगळला जातो तो नेमका हाच.

एवढं करूनही संशय बोर्डावरच राहिला, तर तो काढायचा. काढण्याआधी प्रत्येक कनेक्टरचा मोबाइलवर फोटो घ्या, आणि स्टिकरवरचा पार्ट नंबर लिहून ठेवा.

बोर्ड पूर्ण मेलेला असेल, दिवा नाही, बीप नाही, तर फ्यूजपासून सुरुवात. फ्यूज उडालेला दिसला की लगेच नवा टाकायचा मोह आवरा. तो कशामुळे तरी उडालाय. त्याच्या शेजारी निळा किंवा लाल चपटा गोल पार्ट असतो, तो व्हॅरिस्टर, म्हणजे एमओव्ही. त्यावर १४डी४७१ किंवा १०डी४७१ असं काही छापलेलं असतं. ४७१ म्हणजे ४७० व्होल्टचा, सतत ३०० व्होल्ट एसीपर्यंत तग धरणारा. तो तडकलेला किंवा काळा पडलेला असेल, तर जास्त व्होल्टेज आलं होतं हे उघड आहे. वर सांगितलेला न्यूट्रल पुन्हा तपासा. अवकाळीच्या विजांनीही हे होतं. एमओव्ही तोडून टाकून फ्यूज बसवला तर मशीन चालेल खरं, पण पुढच्या वेळी मार थेट आतल्या आयसीवर बसेल. तोच नंबर आणि तोच आकार परत लावा, आणि फ्यूज बोर्डावर छापलेल्याच अँपिअरचा. तार गुंडाळायची नाही.

एमओव्ही ठीक असेल तर मीटरच्या डायोड मोडवर एसीचं डीसी करणारे चार डायोड बघा. एका दिशेने ०.५ ते ०.७ यायला हवं, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडून शून्याजवळ आला तो शॉर्ट. मग स्विचिंग आयसी, म्हणजे मेन्सपासून कमी व्होल्टेज तयार करणारी चिप. व्हायपर १२ए किंवा २२ए असेल तर पिन १-२ आणि पिन ५ ते ८ यांच्यात शॉर्ट आहे का ते बघा. शॉर्ट असेल तर तिच्या वाटेतला १० किंवा २२ ओहमचा फ्यूजिबल रेझिस्टरही (जास्त करंट आला की फ्यूजसारखा तुटणारा) बहुधा ओपन झालेला असतो. तो फ्यूजिबलच बदला, साध्या कार्बन रेझिस्टरने आग लागण्याचा धोका राहतो.

पहिला सप्लाय सरळ देऊ नका. ६० वॅटचा जुना तापणारा बल्ब सिरीजमध्ये लावा (एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही) आणि मोटरचा कनेक्टर काढून ठेवा. बल्ब क्षणभर उजळून विझला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे. विझल्यावर मोजायचं: मोठ्या कपॅसिटरवर ३०० ते ३२५ व्होल्ट डीसी, रिलेच्या (लोड चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) लाइनवर १२, मायक्रोकंट्रोलरला (बोर्डाचा मेंदू असलेल्या चिपला) ५.

डिस्प्ले लुकलुकतो, रिले टकटक करतो, मशीन मध्येच रीसेट होतं, या सगळ्या तक्रारींत मी आधी कपॅसिटरकडे बघतो. १२ व्होल्टची लाइन रिले ओढताच ८-९ वर पडत असेल, तर त्या लाइनवरचा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकलाय. १२ व्होल्ट सतत वर-खाली होत असतील, तर व्हायपरच्या पिन ४ जवळचा छोटा कपॅसिटर बदला. तो फुगलेला दिसतोच असं नाही, आतून सुकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि गच्चीच्या पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेल्या मशीनच्या पॅनेलमागे याहून जास्त तापतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्म्यावर येतं. म्हणून ८५ अंशांचा घेऊ नका. १०५ अंशांचा, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला), तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या. व्होल्टेज एक पायरी जास्त चालेल. आणि पोलॅरिटी बघूनच लावा.

५ आणि १२ दोन्ही स्थिर आहेत, पण एखादंच काम होत नाही, अशा वेळी आउटपुट बघायचं. रिले यूएलएन२००३ या ड्रायव्हर आयसीने चालतात. तिच्या १ ते ७ पिना इनपुट, समोरच्या १६ ते १० आउटपुट, ८ ग्राउंड. इनपुटला ५ व्होल्ट पोहोचले आणि आउटपुट १२ वरून एक-दीड व्होल्टच्या खाली आलं नाही, तर आयसी गेली. ती स्वस्त असते, लगेच मिळते. आउटपुट खाली येतंय आणि रिले ओढत नाही, तर रिलेची कॉइल किंवा तिचं सोल्डरिंग. रिलेच्या आणि कनेक्टरच्या पायांशी भिंगातून बघा. पिनभोवती केसाएवढी गोल भेग दिसली की तो ड्राय सोल्डर: जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) काढा, फ्लक्स लावा, ३५० अंशांच्या आसपास तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने ताजं सोल्डर भरा.

पुष्कळ बोर्ड जाड पारदर्शक रेझिनमध्ये बुडवलेले असतात. ते मऊ असेल तर हॉट एअर कमी उष्णतेवर ठेवून, तापलेल्या जागी बांबूच्या काडीने थोडं थोडं उकरता येतं. लोखंडी टोक वापरलं की ट्रॅक उचलला जातो. कडक इपॉक्सी असेल तर वेळ घालवू नका, नवा बोर्डच घ्या.

कारखान्याजवळच्या घरांत सुताचा बारीक कचरा पॅनेलच्या आत जाऊन बसतो. कोरडा असतो तोवर काही होत नाही. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि दोन ट्रॅकमध्ये गळती सुरू होते. कोळशासारखी काळी रेघ दिसली तर तिथे आधी ठिणगी पडून गेलीय. ती रेघ ब्लेडने पूर्ण खरवडा, नाहीतर करंट तिथूनच वाहत राहील. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा धुऊन नीट वाळवा, वर पीसीबी लॅकरचे दोन हात द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन मात्र लावू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. झुरळं आणि पाली आत शिरतात त्या फटी बारीक जाळीने बंद करा, हवेची वाट मोकळी ठेवून.

एवढं सगळं बरोबर आहे, ५ व्होल्ट मायक्रोकंट्रोलरच्या पिनपर्यंत पोहोचतात, रीसेट पिन नेहमीच्या पातळीवर आहे, आणि तरीही बोर्ड मूक आहे, तर मायक्रोकंट्रोलर गेला. त्यातला प्रोग्राम बाजारात मिळत नाही. तशीच कोरी चिप लावून उपयोग नाही. इथे नवा बोर्ड घ्यायचा, आणि तो मॉडेलच्या नावावरून मागायचा नाही, स्टिकरवरच्या पार्ट नंबरावरून मागायचा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक बोर्ड बदललेला असतो, कनेक्टर बसतो पण पातळीचा सेन्सर जुळत नाही.

दुरुस्त केलेला असो की नवा, बसवल्यावर आधी कपडे न टाकता पूर्ण सायकल चालवा. स्पिन सुरू होताना सॉकेटचं व्होल्टेज पुन्हा मोजा. २३० चं २०० च्या खाली येत असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. १६ अँपिअरचं सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर टाकून घ्या, आणि तोवर मशीन लावू नका.