विहीर आटल्यावरचं पॅडलिंग: ऑगस्ट ते एप्रिलची नोंद

ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या कोवलमला चार दिवस सर्फिंग केलं. लातूर जिल्ह्यातल्या औशाहून एसटीनं सोलापूर, तिथून रात्रीची चेन्नईची गाडी. वर्षातून दोनदा जमलं तरी खूप, म्हणून तिथला प्रत्येक तास मला मोलाचा वाटतो. यावेळी मी एकच गोष्ट नीट पाहिली: पॅडलिंग करताना, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मागे ओढताना, आधी काय थकतं? हात नाही, मान आणि पाठ. पंधरा मिनिटांत छाती बोर्डवर टेकायला लागली. छाती टेकली की हात पाण्याबाहेर काढायला खांदा जास्त वर ओढावा लागतो आणि मग खांदाही भरून येतो.

लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, तेव्हापासून पोहणं सुटलेलं नाही. पण पोहताना तोंड पाण्यात, अंग दोन्ही बाजूंना वळतं, पायही मारता येतात. बोर्डवर छाती उचललेली, अंग स्थिर, पाय निवांत. एवढी वर्षं मी चुकीच्या जागी ताकद कमावत होतो.

सप्टेंबर ते जानेवारी शेतातली विहीर भरलेली होती. चार हात मारले की समोर भिंत. म्हणून सायकलच्या दोन जुन्या ट्यूब एकमेकींना बांधल्या, एक टोक कमरेला, दुसरं काठावरच्या लोखंडी कडीला. मांड्यांमध्ये प्लास्टिकच्या दोन रिकाम्या बाटल्या, म्हणजे पाय मारता येत नाहीत. डोकं वर ठेवून वीस सेकंद जोरात, चाळीस सेकंद सावकाश, असे दहा फेरे. लाट पकडतानाही असाच थोडा वेळ पूर्ण जोर लागतो. एकटा कधीच उतरलो नाही. आबा काठावर बसायचे आणि बरोबर वेळेला ओरडायचे, "मान पडायलीय बघ!" त्या आवाजाचा मला फार फायदा झाला.

फेब्रुवारीत पाणी पायऱ्यांच्या खाली गेलं. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उन्हाळ्यातला सराव पाण्याच्या भरवशावर ठेवता येत नाही.

तेव्हापासून सगळं ओसरीतल्या बाकड्यावर. हे बाकडं अरुंद आहे, त्यामुळे पालथं पडलं की दोन्ही हात मोकळे लोंबतात. त्याच ट्यूब समोरच्या खांबाला बांधल्या. छाती चार बोटं वर, हनुवटी पुढे काढायची नाही, कोपर उंच ठेवून ट्यूब मांडीपर्यंत ओढायची. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत कंबर धरली. कंबर धरते तेव्हा वाक पाठीच्या वरच्या भागातून येत नसतो, हे मला उशिरा कळलं. आता आधी गुंडाळलेली सतरंजी पाठीखाली आडवी घालून उताणा पडतो, पाच मिनिटं. मग खांद्यांसाठी हलके व्यायाम: कोपर बरगडीला चिकटवून ट्यूब बाहेरच्या बाजूला ओढणं, प्रत्येक हाताचे पंधरा. ते टाळले त्या आठवड्यात उजवा खांदा दुखला.

मार्चअखेर सहा मिनिटं. काल नऊ मिनिटं चाळीस सेकंद, छाती न टेकवता. पॉप-अपचा, म्हणजे पालथ्यावरून झटकन बोर्डवर उभं राहण्याचा, सराव त्यानंतर लगेच, हात थकलेले असतानाच, कारण समुद्रातही तो थकलेल्या हातांनीच करावा लागतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कोवलम. पहिल्या सकाळी लाटांच्या मागे न लागता आधी नुसतं पॅडलिंग करीन आणि पंधराव्या मिनिटाला छाती कुठे आहे ते पाहीन.