नवरदेवाची गाडी आणि कच्चा कलर

जळगावात आमचं पेंटिंगचं छोटं गॅरेज आहे, आणि मे महिना म्हणजे लग्नाच्या गाड्या. रावेरकडचे एक केळीवाले काका पांढरी स्कॉर्पिओ घेऊन आले, रात्री रानडुक्कर आडवं आलं म्हणे, बोनेट आणि पुढचा बंपर दोन्ही गेले, आणि पोराचं लग्न तोंडावर. नवीन पार्ट, प्रायमर, बेस कोट, वर टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा चकचकीत पारदर्शक थर) मारून गाडी दिली. देताना दहा वेळा सांगितलं, काका महिनाभर पॉलिश नको, कव्हर नको, प्रेशर पंप तर नकोच, धुवायचीच झाली तर सावलीत साध्या पाण्यानं.

लोकांना वाटतं आपल्याकडं ४५ डिग्री ऊन, कलर तासाभरात खडखडीत होणार. उलट आहे भाऊ. उन्हात वर लवकर साय धरते न थिनर खाली अडकतं, म्हणून तर उन्हाळ्यात आम्ही स्लो थिनर, म्हणजे सावकाश उडणारं, वापरतो. हाताला सुका लागतो पण नख दाबलं की खूण उठते, हवेवर पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातातच.

लग्न उरकलं न काका हजर. "हाई काय व्हयनं भो?"

सजावटवाल्यानं झेंडूच्या माळा चक्क सेलोटेपनं चिकटवल्या होत्या! बंपरवरची टेप ओढली तसा रुपयाएवढा कलर निघून खालचं काळं प्लास्टिक दिसत होतं. प्लास्टिक प्रायमर मारलेला होता हो, पण कच्च्या कलरला ओढल्यावर तो तरी किती धरणार. बोनेटवर तिरकं बघितलं की टेपच्या पट्ट्या डल दिसायच्या, मधोमध ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, पुसूनही गुलाबी राहिलेलं. वर पोरांनी भर दुपारी तापल्या बोनेटवर प्रेशर पंप मारला, तोही बोअरच्या पाण्याचा, थेंब सुकून क्षाराचे गोल गोल डाग.

आमचा पोऱ्या लगेच बफिंग मशीन घेऊन धावला, त्याला आधी थांबवलं. गाडी शेडमधे गार होऊ दिली, वरून नुसतं पाणी सोडलं म्हणजे धूळ घासली जात नाही, मग बादलीत थोडा कार शाम्पू (भांड्याचा साबण चुकूनही नाही) आणि मऊ मायक्रोफायबर, अजिबात जोर न देता, कडा आणि जॉइंटजवळ तर बोटानंच. पुसतानाही फडका रगडायचा नाही, पसरवून टेकवायचा आणि उचलायचा. क्षार बराचसा गेला. बंपर मात्र घासून परत मारावा लागला, त्याचे पैसे काकांनी सजावटवाल्याला शिव्या देत देत दिले.

बोनेटला महिन्यानंतर बोलावलं, दोन हजार नंबरचा बारीक पॉलिश पेपर पाण्यात मारून कंपाउंड (चमक आणायची पेस्ट) केलं, पट्ट्या गेल्या. स्वस्तिक अजून जरासं दिसतं, अजून एक हात मारतो म्हटलं तर काकू गाडीतूनच ओरडल्या, राहू दे ते, शुभ असतं.