"ते इंजेक्शन भोवलं"

परवा दुधनेच्या काठी एका दहाव्याला गेलतो. चाळिशीतला माणूस, रात्री जेवून झोपला अन् सकाळी उठलाच नाही. कावळा शिवायची वाट बघत सगळे लिंबाखाली बसलेले, तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणलं, "ते करोनाचं इंजेक्शन भोवलं." मग काय, सुरूच. कुणाचे गुडघे लसीनं दुखायले, कुणाला शुगर लसीनं लागली. आमच्या तात्यांनी तर मोबाईलच काढला, "कंपनीनं कोर्टात कबूल केलंय, हे बघ."

आता ही बातमी खोटी नाही. अ‍ॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात दिलेल्या कागदांत फार क्वचित रक्ताच्या गाठी होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात असं मान्य केलं, ते २०२४ मध्ये गाजलं, अन् कोविशिल्ड म्हणजे तीच लस, पुण्यात सीरमनं बनवलेली. पण हे २०२१ च्या एप्रिलपासनंच जाहीर होतं, आणि तो त्रास झालाच तर डोसनंतर महिना-दीड महिन्यात होतो. तात्यांचा डोस २०२१ च्या दिवाळीतला! तर म्हणतेत, "ते आत बसून राहतंय." अहो, अर्धा एमएल औषध, अन् त्यातला विषाणू तर वाढूच शकत नाही असा केलेला. मलाबी पहिल्या डोसला रात्रभर हुडहुडी भरली, दंड इतका ठणकला की शर्ट काढता येईना, दुसऱ्या दिवशी सांजच्याला सोयाबीनची पोती उचलत होतो.

अन् तरण्या लोकांच्या अचानक मृत्यूचं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं तपासलंय की, १८ ते ४५ वयाचे, देशभरातले ४७ दवाखाने. लसीनं धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोसवाल्यांत तर कमीच. वाढलेला दिसला तो करोनात ॲडमिट झालेल्यांत, घरात असा मृत्यू आधी झालेल्यांत, आधल्या दोन दिवसांत भरपूर दारू पिलेल्यांत.

तरी लोकांचा राग मला कळतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस नसंल तर रेशन नाही, पेट्रोल नाही असा आदेश निघालता. दमदाटी करून टोचलेल्या सुईवर कोण भरवसा ठेवणार? त्याच वर्षी मे महिन्यात "लस घेणारे दोन वर्षांत मरतेत" हा मेसेज फिरला, तो पाठवणारे अजून ग्रुपवर सुप्रभात टाकायलेत ही गोष्ट वेगळी.

परत येताना गाडीवर मागून तात्या म्हणाले, "बीपीची गोळी मी दोन महिने झाले बंदच केली, म्हणलं आधीच त्या लसीची गरमी आहे." गाडी तशीच डॉक्टरकडं वळवली.